उंबरठा १२ इंच वर: ग्वाल्हेर-लष्करातल्या एका तळघराच्या दाराचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं हे घर शंभरेक वर्षांचं, दगडी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, छावणीचं शहर झालं आणि त्या शहरात ज्या मराठी घराण्यांनी घरं बांधली त्यांपैकीच हे एक कुटुंब. घर उतारावर आहे. पुढचं दार मोठ्या रस्त्यावर उघडतं, मागची गल्ली मात्र पुरुषभर खाली. त्यामुळे पुढून पाहिलं तर जे पूर्ण जमिनीखालचं तळघर, त्याला मागच्या गल्लीत थेट बाहेर उघडणारं दार आहे. घरातल्या आजी सांगतात, त्यांच्या सासूबाईंच्या काळी लाकूडफाटा, कोळसा आणि गव्हाची पोती याच दारातून आत जात. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की घरातली सगळी माणसं दुपारी खाली येऊन पडत. किल्ल्यावरच्या मानमंदिरातसुद्धा जमिनीखाली दोन मजले आहेत. या गावाला उन्हापासून खाली उतरायची सवय फार जुनी आहे.

अडचण साधी दिसत होती. पावसाळ्यात दाराखालून पाणी आत येतं, दार कुजलं आहे, ते बदलून थोडं उंच करून द्या, एवढंच काकांनी सांगितलं. सुताराचा अंदाजही त्यांनी घेऊन ठेवला होता. त्यात चौकट, दोन कवाडं, बिजागऱ्या आणि मजुरी होती, भिंतीचं नावही नव्हतं. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हेच. आपल्या जुन्या वस्त्यांमध्ये अशी दारं शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती सुताराचं काम समजून बदलली जातात. दोन पावसाळ्यांत नवं दारही कुजतं.

गल्ली वर आली

आधी मोजमाप. नालीच्या कडेला गल्लीचं काँक्रीट थोडं फोडून पाहिलं, तर खाली एकावर एक थर निघाले. काँक्रीट, त्याखाली डांबर, पुन्हा काँक्रीट आणि सगळ्यात तळाशी मूळची दगडी फरसबंदी, झिजून गुळगुळीत झालेली. फरसबंदीपासून आजच्या गल्लीपर्यंत ११ इंच. जुना उंबरठा फरसबंदीपेक्षा ६ इंच उंच बांधलेला होता, म्हणजे बांधणाऱ्याने पाण्याचा नीट विचार केला होता. उंबरठा होता तिथेच राहिला, गल्ली वर चढत गेली आणि आज तो गल्लीपेक्षा ५ इंच खाली आहे. दर वेळी जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला की सगळ्या गल्लीचं हेच होतं. दार खचलं, असं घरातले म्हणत होते. पाणसळ लावून पाहिलं, उंबरठा तसूभरही हलला नव्हता.

या एका मोजमापाने प्रश्नच बदलला. दार किती उंच हवं, हा मुद्दा मागे पडला. गल्ली अजून किती वर येणार, हा पुढे आला.

दुसरी तपासणी ओलीची. आत येणारं पाणी एकच आहे असं गृहीत धरणं सोपं असतं, पण तळघरात बहुधा दोन-तीन पाणी एकमेकांत मिसळलेली असतात. फाल्गुनात, पाऊस नसताना, आम्ही भिंतींवर हातभर प्लास्टिकचे तुकडे चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावले आणि दोन दिवस तसेच ठेवले. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली आहे. दोन ठिकाणी आतून दव आलं. एक, पुढच्या रस्त्याकडची, मातीला टेकलेली भिंत. दुसरं, दाराच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून गुडघाभर. हे दुसरं ठिकाण नालीला लागून होतं. गल्लीबरोबर नालीचा तळही वर आला होता आणि तिची घराकडची बाजू फुटलेली होती. दार सोन्याचं केलं असतं तरी ही ओल थांबली नसती. म्हणून पहिलं काम नालीची ती बाजू साफ करून, आतून गिलावा करून बंद करणं. त्याला खर्च फारसा आला नाही आणि फरक मोठा पडला.

दार नेमकं कुठे कुजलं होतं

जुनं दार उतरवताना जे दिसलं ते इथे लिहून ठेवण्यासारखं आहे. त्या दाराला बिजागऱ्या नव्हत्या. प्रत्येक कवाडाच्या मागच्या उभ्या लाकडाला वर-खाली खुंट ठेवलेला, वरचा खुंट चौकटीच्या छिद्रात आणि खालचा उंबरठ्याच्या दगडात कोरलेल्या खळग्यात फिरे. वाटीएवढा तो खळगा वर्षानुवर्षं फिरून आरशासारखा झाला होता. उंबरठा गल्लीच्या वर होता तोवर ही रचना उत्तम चालली. उंबरठा खाली गेल्यावर पावसाचं पाणी आधी त्या खळग्यात साचलं आणि खुंटाच्या आडव्या कापलेल्या टोकातून लाकडाने ते वर शोषून घेतलं. कुज सुरू झाली ती तिथून. दोन्ही कवाडं खालून १० इंचांपर्यंत भुसभुशीत, त्यावरचं सागवान मात्र अजून खणखणीत. चौकटीचे पाय वाळवीने आतून पोखरलेले होते, बाहेरून रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत.

यावरून नव्या दारासाठी दोन गोष्टी ठरल्या. खळगा नको, पितळी बिजागऱ्या. आणि लाकडाचं एकही टोक दगडात किंवा काँक्रीटमध्ये गाडायचं नाही.

किती उचलायचं

नवा उंबरठा आजच्या गल्लीपेक्षा ७ इंच वर घ्यायचा ठरला, म्हणजे जुन्यापेक्षा १२ इंच वर. काका १८ इंच म्हणत होते, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. पण बाहेर पायरी काढायची तर ती गल्लीत जाईल आणि गल्ली सगळ्यांची आहे. शिवाय नालीवर पायरी बांधली की नाली साफ होत नाही. बाहेर पायरी नको असेल तर चढ एका पावलाचा हवा. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच धरते. ७ इंच त्यात बसतात. गल्लीवर उद्या आणखी एक थर पडला तरी तीन-चार इंच हातात राहतात.

उंबरठा १२ इंच वर गेला की दाराची उंची १२ इंचांनी घटणार. भिंतीतलं दारासाठीचं जुनं भगदाड ६४ इंच उंच होतं. माथा तसाच ठेवला असता तर ५२ इंच उरले असते आणि चौकट बसवल्यावर माणसाला जवळपास बसूनच आत जावं लागलं असतं. म्हणजे माथाही उचलायचा. आणि माथ्यावर उभी आहे भिंत.

भिंतीतल्या दगडांचा एकेक थर ९ इंच उंचीचा. एक थर काढून लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारा आडवा नग, तेवढं वर नेलं तर ६१ इंच मिळतात, चौकटीचे ३ वजा जाता ५८, म्हणजे ४ फूट १० इंच. दोन थर काढले तर पुरेपूर उंची मिळाली असती आणि घरातल्या सगळ्यांची इच्छाही तीच होती. तिथे मी ठाम नकार दिला. त्या दुसऱ्या थराच्या लगेच वर, मागच्या गॅलरीला पेलणाऱ्या दगडी तोड्यांच्या, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या आधाराच्या दगडांच्या, शेपट्या भिंतीत रुतलेल्या आहेत. तोडा बाहेर जेवढा झुकतो तेवढीच त्याची शेपटी आतल्या भिंतीच्या वजनाने दाबलेली असावी लागते. ती शेपटी ज्या थरावर टेकते तोच उसकटला तर गॅलरीचा भरवसा उरत नाही. शंभर वर्षं न हललेल्या गॅलरीपुढे नऊ इंच उंचीची किंमत ती काय? आजींनी विषय संपवला. “अगं, देवघराच्या दारातूनही वाकूनच जातो ना आपण. राहू दे ते.”

छताचा भार कुठे येतो तेही पाहिलं. तळघराचं छत ग्वाल्हेरी पद्धतीचं, वालुकाश्माच्या लांब पटियांचं, म्हणजे सपाट लाद्यांचं. बॅटरीच्या उजेडात पटियांचे सांधे पाहिले तर ते मागच्या भिंतीला समांतर जात होते. म्हणजे पटिया दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकल्या होत्या आणि दाराच्या माथ्यावर छताचा भार नव्हता, भिंतीचा आणि गॅलरीचा तेवढा होता. ही पाच मिनिटांची तपासणी आहे, पण ती केल्याशिवाय कुणी माथ्याला हात लावू नये. पटिया मागच्या भिंतीवर टेकल्या असत्या तर मी हे काम असं केलंच नसतं.

माथा बदलणं

भिंत २२ इंच जाड. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड आणि मधे चुन्यात टाकलेले तुकडे. जुन्या बांधकामात हे सर्रास असतं. एकसंध भिंतीत भगदाडावरचा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना वळतो आणि लिंटेलवर त्रिकोणाएवढंच वजन येतं. मधे सुटा भराव असेल तर त्या हिशेबावर विसंबता येत नाही. भराव धान्याच्या कोठीसारखा खाली वाहू शकतो.

म्हणून नवी लिंटेलं भिंत उघडण्याआधीच तयार ठेवली. बाहेरच्या अंगाला वालुकाश्माचा अखंड दगड, म्हणजे घराचं रूप बिघडणार नाही. तो निवडताना मिस्त्री प्रत्येक दगडावर हातोडी वाजवून पाहत होते. स्वच्छ नाद आला तर दगड सलग, बद्द आवाज आला तर आत शीर. आतल्या अंगाला शेजारी-शेजारी दोन काँक्रीटची लिंटेलं, अंगणातच ओतलेली. बाजारात मिळतं ते सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं आणि आपल्याकडची हवा कोरडी, तापलेली. अशा ठिकाणी भारतीय मानक १४ दिवस ओलं ठेवायला सांगतं. पोती गुंडाळून तेवढे दिवस पाणी मारलं. मुख्य सळया तळाला असल्याने लिंटेल उलटं बसलं तर निरुपयोगी ठरतं, म्हणून ओततानाच वरच्या अंगावर बाणाची खूण कोरली. तिन्ही नग दोन्ही बाजूंना ९-९ इंच टेकतील इतके लांब.

टेकूंचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि त्यात घाई नकोच. नव्या लिंटेलच्या पातळीच्या वर भिंतीत आरपार भोकं पाडून लोखंडी तुळया घातल्या, बाहेर गल्लीत आणि आत तळघरात जॅकवर पेलल्या. आतली जमीन खाली असल्याने आतले टेकू लांब, त्यांच्या पायाखाली जाड फळ्या. भिंतीतल्या जुन्या केसभर भेगांवर काचेच्या बारीक पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या. भिंत हलली तर काच आधी तडकते.

आणि ती तडकलीच. बाहेरचा जुना दगड निघून नवा बसला तोवर सगळं शांत होतं. आतल्या दगडाला पहार लावली आणि मधला भराव सरसर आवाज करत खाली यायला लागला. मिस्त्रींनी हात वर केला, “रुको, माल खिसक रहा है.” डावीकडची एक पट्टी तडकली होती. पहार तिथेच थांबली. पोकळीत ओल्या गोणपाटाचे बोळे कोंबून भराव अडवला, तुळयांखालच्या पाचरी आणखी आवळल्या आणि वरून भोक ठेवून चुन्याची पातळ रबडी आत ओतली. ती मुरेपर्यंत काम बंद. नवी काच लावली, ती पुढे तडकली नाही. नंतर एका वेळी एकच नग बदलत आतली दोन्ही लिंटेलं बसवली. भिंतीचा निम्मा माथा कायम टेकलेला होता म्हणूनच हे निभावलं.

लिंटेल आणि वरचा थर यांतली फट नुसत्या पातळ मालाने भरायची नसते. माल आकसतो आणि टेकू काढले की भिंत तेवढी खाली बसते. मुठीत दाबला तर गोळा होईल इतपतच ओला, एकास तीनचा सिमेंटचा माल ठोकून-ठोकून भरला, मधे दगडी चिपा मारल्या. टेकू आठवडाभरानंतर, रोज थोडे सैल करत काढले.

उंबरठा आणि पाणी

बाकी भिंतीला आम्ही चुनाच वापरला. ग्वाल्हेरचा वालुकाश्म श्वास घेतो, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि लोणा धरून दगडाचे पापुद्रे सुटतात. उंबरठ्याखालच्या १२ इंचांत मात्र पाणी अडवणं हेच काम असल्याने तिथे काँक्रीट घातलं. नवं काँक्रीट आणि जुना दगड यांचा सांधा हीच कच्ची जागा, म्हणून दोन्ही बाजूंच्या दगडांत इंचभर खाच पाडून काँक्रीट तिच्यात गुंतवलं. वर ४ इंची दगडाची अखंड लादी, बाहेर किंचित उतार, आणि आतल्या अंगाला पाऊण इंचाची उठाव-कड, जिला कवाडं टेकतात.

चौकट बसवण्याआधी गल्लीच्या बाजूने चिकणमातीची पाळ घालून रात्रभर पाणी तुंबवलं. सकाळी डाव्या कोपऱ्यात ओघळ दिसला. नव्या सांध्यातून नव्हे, त्याच्याही खालच्या एका जुन्या सांध्यातून, जिथला चुना कधीच धुपून गेला होता. तो सांधा खोलवर खरवडून पुन्हा भरला, पुन्हा पाणी तुंबवलं. ही चाचणी दार बसल्यावर करता येत नाही, निदान मनासारखी नाही.

चौकट तीन बाजूंचीच केली, खाली लाकूड नाही. तिचे पाय लादीपासून अर्धा इंच वर, स्टेनलेसच्या खिट्ट्यांवर उभे. दोन कवाडांची जुनी पद्धत ठेवली. एकच मोठं कवाड पायऱ्यांवर झुललं असतं, १५ इंचांची दोन कवाडं मात्र उघडल्यावर भिंतीच्या जाडीतच मावतात. जुन्या कवाडांतलं चांगलं सागवान उभ्या फळ्यांसाठी पुन्हा वापरलं, खालची आडवी पट्टी नवी. कडी-कोयंडा जुनाच. फळ्यांच्या खाचांत सुटेपण ठेवलं, कारण काम उन्हाळ्याच्या तोंडाशी झालं. वैशाखात घट्ट बसवलेलं दार भादव्यात फुगून उघडत नाही आणि मग लोक ते रंधून टाकतात, पुढच्या उन्हाळ्यात तिथे बोटभर फट पडते.

आतल्या ४ पायऱ्यांच्या ६ झाल्या, प्रत्येकी पावणेसात इंचांच्या आतच. खोलीतली दोन हात जागा गेली. दाराच्या माथ्याला आतून जाड कातडी पट्टी मारली आहे, उंच नातवासाठी.

पहिला पावसाळा

दाराखालून पाणी आलं नाही. गल्लीत घोटाभर पाणी होतं त्या दिवशीही लादी आतून कोरडी होती. डाव्या अंगाची ओल दिवाळीपर्यंत बरीच वाळली. काचेच्या पट्ट्या अजून लावलेल्याच आहेत, सगळ्या शाबूत.

मात्र ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला, भिंतींना घाम सुटतोय. दार दिवसभर उघडं होतं, तळघर वाळावं म्हणून. तेच कारण होतं. बाहेरची दमट गरम हवा आतल्या गार दगडाला लागली की तिच्यातलं पाणी भिंतीवर उतरतं. पावसाळ्यात दार दुपारी बंद ठेवायचं आणि हवा कोरडी असेल त्या दिवशी सगळं उघडायचं, असं सांगितलं. घाम थांबला.

खर्चाचा मोठा वाटा टेकू, लिंटेल आणि मिस्त्रींच्या मजुरीत गेला. ज्या सुताराचा अंदाज आधी घेतला होता, त्यांनीच दार केलं आणि ते सुरेख झालं आहे.

मातीला टेकलेल्या पुढच्या भिंतीची ओल तशीच आहे. तिच्यावर कुणीतरी कधीकाळी सिमेंटचा गिलावा केला होता, तो उतरवून चुन्याचा करायचा आहे. काका म्हणतात रंग लावून भागवू. आजींनी होळीनंतरचा मुहूर्त धरायला सांगितलं आहे, तोवर भिंत उघडी पाडून वाळू द्यायची.